बँक, प्लॉट आणि राजकारण: तिन्ही एकाच माणसाकडं आलं की काय होतंय

आपल्याकडं ठेव ठेवायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो व्याज किती, आणि दुसरा विचारतो चेअरमन कोण. मग उत्तर येतं अमुक अण्णा नाहीतर तमुक साहेब, आणि त्याच्या मागोमाग ते ठरलेलं वाक्य, "माणूस चांगला आहे, काही होत नाही." कोल्हापुरात बिंदू चौकात विचारा नाहीतर गडहिंग्लजला, हेच ऐकायला मिळतंय. आणि बऱ्याचदा तो माणूस खरंच चांगला असतोय. मयताला पोचतो, तालमीला वर्गणी देतो, पोराच्या ॲडमिशनसाठी फोन करतो, दवाखान्याचं बिल कमी करून देतो. त्याची बँक असते, रिंगरोडला त्याची एखादी साईट चालू असते आणि महापालिकेत नाहीतर झेडपीत तो स्वतः किंवा घरातलं कोणतरी असतंय.

मला तेच वाक्य आज जरा उलगडून बघायचंय. चोर चेअरमनची गोष्ट समजायला सोपी असते, पैसे उचलले, पळाला, केस झाली. अवघड गोष्ट असते ती चांगल्या माणसाची, जो लोकांचं बुडवतो तसं स्वतःचंही सगळं घालवून बसतो आणि शेवटपर्यंत त्याला मनापासून वाटत असतं की अजून सहा महिने मिळाले तर पै न् पै फेडतो. इथल्या कुणाचं नाव घेतलं की लगेच तू कुठल्या गटाचा हे सुरू होतंय आणि मुद्दा राहतो बाजूला, म्हणून मी सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला माणूस घेतलाय, रॉबर्ट मॉरिस. जॉर्ज वॉशिंग्टन आपल्याला शाळेपासून माहीत, पण त्या वॉशिंग्टनच्या सैन्याला पीठ, बूट, दारूगोळा आणि पगार पुरवायला धडपडलेला माणूस हा. बँक काढली, जमिनी घेतल्या, सिनेटर झाला आणि शेवटी कर्जापायी तुरुंगात गेला. त्याचं अख्खं आयुष्य आपल्यासमोर पूर्ण होऊन पडलंय, त्यामुळं कुठं काय चुकत गेलं ते शांतपणे बघता येतं.

मॉरिसचा जन्म १७३४ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. वडील तंबाखूच्या व्यापारात, अमेरिकेत मेरीलँडला असायचे, त्यांनी पोराला तेराव्या वर्षाच्या सुमारास तिकडं बोलावून घेतलं. १७५० मध्ये एका जहाजावरून सलामीची तोफ उडवली, त्यातला बोळा वडिलांना लागला आणि त्या जखमेनं ते गेले. पोरका झालेला हा पोरगा फिलाडेल्फियात विलिंग नावाच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारीला लागलेला होता, कामात इतका तयार निघाला की १७५७ मध्ये मालकाच्या पोराचा, थॉमस विलिंगचा भागीदार झाला. जहाजं, पीठ, तंबाखू, साखर असा धंदा, आणि त्यात गुलाम माणसांची खरेदी-विक्रीही होती, ते सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही. हे थॉमस विलिंग नाव मात्र लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

१७७५ ला मॉरिस अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधी सभेत गेला. स्वातंत्र्याच्या ठरावावर जुलै १७७६ मध्ये मतदान होतं त्या दिवशी हा बाजूला राहिला, त्याला ती घाई वाटत होती, पण नंतर ऑगस्टमध्ये जाहीरनाम्यावर सही केली आणि मग मागं वळून बघितलं नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वॉशिंग्टनची अवस्था फार वाईट होती, सैनिकांच्या पायात बूट नाहीत, मुदत संपली म्हणून लोक घरी निघालेले. वॉशिंग्टननं मॉरिसला कळवलं की हेरांना द्यायला खणखणीत नाणी पाहिजेत, कागदी नोटा ते घेत नाहीत. मॉरिसनं जमेल तिथून गोळा करून ४१० स्पॅनिश डॉलर आणि थोडी सुटी इंग्लिश-फ्रेंच नाणी पाठवून दिली. देशाचा खजिना म्हणावा तर हा असा, कुणाच्या तरी पिशवीतून गोळा केलेला. पाठोपाठ सैनिकांना थांबवून धरायला ५० हजार डॉलर पाठवले. हे पैसे त्यानं आपल्या शब्दावर उभे केले, लोकांनी सरकारकडं बघून दिलेच नव्हते, मॉरिसकडं बघून दिले.

आता इथं थांबून एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पत म्हणजे काय, तर तुम्ही उद्या द्याल या भरवशावर आज मिळणारा माल किंवा पैसा. लक्ष्मीपुरीत धान्याचा व्यापारी नुसत्या फोनवर गाडी भरून पाठवतो, गुजरीत चिठ्ठीवर सोनं हलतं, ती पत. पत ही पैशापेक्षा मोठी ताकद आहे कारण ती हातात काही नसताना चालते. आणि तिचा धोकाही तोच आहे, ती कधी संपली ते माणसाला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं.

१७८१ मध्ये काँग्रेसनं मॉरिसला आर्थिक कारभाराचा प्रमुख नेमलं, आपल्या भाषेत अर्थमंत्रीच. त्यानं पद घ्यायच्या आधी अट घातली की माझा खासगी व्यापार मी सोडणार नाही. त्याच्यावर १७७९ मध्येच आरोप झालेले होते की सरकारी माल आणि स्वतःचा माल एकाच जहाजात आणि एकाच वहीत चालवतो, थॉमस पेन या लेखकानं वर्तमानपत्रातून झोडपलं होतं, चौकशी समितीनं त्याला निर्दोष ठरवलं. काँग्रेसकडं दुसरा माणूस नव्हता, तिजोरी रिकामी, कागदी चलनाला कुणी विचारत नव्हतं, त्यामुळं अट मान्य झाली. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हा, कारण इथं सगळ्यांनी लेखी मान्य केलं की हा माणूस दोन्ही बाजूंनी बसू शकतो.

आणि चाललंही! म्हणजे नुसतं चाललं नाही, देश वाचला. १७८१ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला सैन्य घेऊन दक्षिणेत यॉर्कटाऊनला जायचं होतं, सरकारकडं दमडी नाही, तेव्हा मॉरिसनं स्वतःच्या नावाच्या चिठ्ठ्या काढल्या, अमुक तारखेला मी पैसे देईन, सही रॉबर्ट मॉरिस. शेतकऱ्यांनी त्या घेऊन पीठ दिलं, नावाड्यांनी होड्या दिल्या. सैनिक पगाराशिवाय पुढं पाऊल टाकेनात तेव्हा फ्रेंच सेनापती रोशाँबोकडून २० हजार डॉलरची नाणी उसनी आणून वाटली. यॉर्कटाऊनची लढाई जिंकली. सरकारच्या नोटेपेक्षा एका व्यापाऱ्याच्या सहीला जास्त किंमत, ही परिस्थिती त्यानं स्वतः अनुभवली, आणि माणसाच्या डोक्यात अशी गोष्ट एकदा बसली की ती निघत नाही.

त्याच काळात त्यानं बँक काढली, बँक ऑफ नॉर्थ अमेरिका, ३१ डिसेंबर १७८१ ला काँग्रेसची सनद मिळाली आणि ७ जानेवारी १७८२ ला फिलाडेल्फियात दार उघडलं. भांडवल ठरलं ४ लाख डॉलर. लोकांनी शेअर घेतले जेमतेम ७० हजारांचे. मग काय केलं, फ्रान्सनं मदत म्हणून चांदी पाठवली होती, ती बोस्टनहून बैलगाड्यांतून फिलाडेल्फियाला आणलेली, त्यातले सुमारे अडीच लाख डॉलर मॉरिसनं सरकारच्या नावानं बँकेच्या शेअरमध्ये घातले. आणि मग सरकारनं त्याच बँकेतून कर्ज उचललं. बँकेचा अध्यक्ष कोण? थॉमस विलिंग, जुना भागीदार.

आता नीट बघा. शेअर घेणारं सरकार, त्याच्या वतीनं निर्णय मॉरिसचा. कर्ज मागणारं सरकार, त्याच्याही वतीनं मॉरिसच. कर्ज देणारी बँक, तिथं त्याचा भागीदार. टेबलाच्या तिन्ही बाजूंना एकाच घरातली माणसं. पुढं १७८५ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेनं बँकेला राज्यानं दिलेली सनद काढून घेतली, शेतकऱ्यांच्या बाजूचे आमदार म्हणत होते की ही बँक ठरावीक व्यापाऱ्यांनाच पैसे देते. तर मॉरिस स्वतः निवडणूक लढवून विधानसभेत गेला, तिथं बँकेची बाजू मांडली आणि १७८७ ला सनद परत मिळाली. बँक वाचवायला माणूस राजकारणात उतरला. हे वाक्य वाचून तुमच्या डोळ्यापुढं आपल्या जिल्ह्यातलं काही आलं असेल तर ते साहजिक आहे, कारण आपल्याकडं तर हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे. जिल्हा बँक १९३८ ची, गोकुळ १९६३ चं, साखर कारखाने, सूतगिरण्या, शेकडो पतसंस्था, आणि या सगळ्यांच्या निवडणुका आमदारकीइतक्याच ईर्षेनं होतात. जिल्हा बँकेचं अध्यक्षपद मंत्र्याकडं असणं यात इथं कुणाला नवल वाटत नाही. त्यात सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. सावकाराच्या दारातून शेतकऱ्याला बाहेर काढलं ते याच सहकारानं, आणि राजकीय वजन नसतं तर त्यातल्या निम्म्या संस्था उभ्याच राहिल्या नसत्या.

पण मॉरिसच्या गोष्टीत आत्तापर्यंत एक खुर्ची यायची होती, जमिनीची. ती आली की हिशोब पूर्ण बदलतो, का ते आधी कोल्हापुरात समजून घेऊ.

जमीन ही अशी वस्तू आहे की तिची किंमत तिच्यात काय आहे त्यावर कमी आणि तिच्याबद्दल सरकारी कागदात काय लिहिलंय त्यावर जास्त ठरते. कोल्हापूर महापालिका झाली १९७२ ला, क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि त्यानंतर पन्नास वर्षं हद्दवाढीसाठी आंदोलनं, कृती समित्या, बंद, सगळं झालं. शहर मात्र थांबलं नाही, ते पाचगाव, कळंबा, उचगाव असं बाहेर सरकत गेलं. २०१७ ला ४२ गावांचं विकास प्राधिकरण केलं. आता यातल्या कुठल्याही शेताचा विचार करा, ग्रीन झोनमध्ये असेल तर एक भाव, रहिवासी झोनमध्ये आलं की कितीतरी पट भाव. डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, बारा मीटरचा की अठरा मीटरचा, प्लॉटवर शाळेचं आरक्षण आहे की उठलं, पुराची निळी रेषा कुठून जाते आणि लाल रेषा कुठून, या प्रत्येक ओळीत पैसा आहे. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ फुटांच्या. ज्या भिंतींवर छातीपर्यंत पाण्याची खूण राहिली त्या भिंतींच्या शेजारची जागा बांधकामायोग्य आहे का नाही, हे शेवटी नकाशावरची एक रेघ ठरवते, आणि रेघ माणसं ओढतात.

म्हणजे ज्याच्या हातात रेघेवर वजन टाकायची ताकद आहे तो राजकारणी. ज्याला रेघ कुठं येणार ते आधी कळलं तर सगळ्यात जास्त फायदा तो बिल्डर. आणि जमीन आत्ता घ्यायची तर पैसा देणारी ती बँक. तिघं वेगवेगळे असले तर प्रत्येकाला दुसऱ्याला पटवून द्यावं लागतं. बँकेचा अधिकारी विचारतो, साहेब झोन बदललाय का, कागद दाखवा. नगरसेवक विचारतो, या आरक्षणाच्या बदल्यात लोकांना काय. बिल्डर विचारतो, एवढ्या व्याजानं घेतलं आणि फ्लॅट विकले नाहीत तर. ही विचारणा म्हणजेच सगळी सुरक्षा आहे, दुसरी कुठली नाही. एकच माणूस तिन्ही ठिकाणी असला की विचारणारं कुणी उरत नाही. त्याला स्वतःला वाटतं झोन बदलणार, म्हणून त्याला वाटतं प्लॉट चढणार, म्हणून त्याला वाटतं कर्ज सुरक्षित आहे. त्याचा एकच अंदाज तीन ठिकाणी तीन पुरावे म्हणून लिहिला जातो.

आता मॉरिस. १७८९ ला तो सिनेटर झाला आणि १७९५ पर्यंत होता. देशाची राजधानी कुठं करायची हा तेव्हाचा मोठा वाद, आपल्याकडं हायवे कुठल्या गावावरून जाणार तसा. मॉरिसचा जोर होता की ती डेलावेअर नदीच्या काठी व्हावी, जिथं त्याची स्वतःची जमीन होती, तिथल्या गावाला आजही मॉरिसव्हिल म्हणतात. ते जमलं नाही, १७९० ला तडजोड होऊन राजधानी दहा वर्षं फिलाडेल्फियात आणि मग पोटोमॅक नदीकाठी नव्या शहरात न्यायचं ठरलं. फिलाडेल्फियात राष्ट्राध्यक्ष राहायचे ते घरही सुरुवातीला मॉरिसचंच होतं.

जमिनीत त्याला पहिल्यांदा यश आलं, आणि इथंच तो फसला असं मला वाटतं. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातली लाखो एकर जमीन घेऊन त्यानं १७९१ ला दहा लाखांवर एकर इंग्रज गुंतवणूकदारांना विकली, मग १७९२-९३ ला ३३ लाख एकर डच बँकवाल्यांना. चांगला नफा झाला. त्याचा हिशोब असा की युरोपात युद्ध आहे, लोक आणि पैसा अमेरिकेत येणारच, जमीन तर वाढत नाही, मग भाव चढल्याशिवाय कुठं जातोय. आपल्याकडं रोज कानावर पडतं ते हेच वाक्य, जागा कधी खाली येत नाही.

१७९३ मध्ये जेम्स ग्रीनलीफ आणि जॉन निकोल्सन या दोघांबरोबर त्यानं नव्या राजधानीतले ६ हजार प्लॉट घेतले, प्रत्येकी ८० डॉलर, हप्ते सात वर्षांचे, आणि दर वर्षी ठरावीक विटांची घरं बांधून द्यायची अट. पैसा कुठून येणार होता, तर ग्रीनलीफ हॉलंडमधून कर्ज आणणार होता. १७९५ ला फ्रेंच फौजा हॉलंडमध्ये शिरल्या आणि ते कर्ज राहिलं तिथंच. शहर म्हणावं असं काही तिथं नव्हतंच, झाडं आणि चिखल, गिऱ्हाईक कुठलं येणार. शहाण्या माणसानं इथं हात आखडता घेतला असता. त्यानं १७९५ ला त्याच दोघांबरोबर नॉर्थ अमेरिकन लँड कंपनी काढली, सहा राज्यांत मिळून ६० लाख एकर. आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा साधारण १९ लाख एकरांचा आहे, म्हणजे चंदगडच्या जंगलापासून शिरोळच्या मळ्यापर्यंत धरून असे तीन जिल्हे. आणि शेअर घेणाऱ्यांना दर वर्षी ६ टक्के लाभांशाचा शब्द, त्या जमिनीतून एक डॉलरचं उत्पन्न येत नसताना. सरकारी कर वेगळे, कर थकला की जमीन लिलावात.

मग हप्ते भागवायचे कसे? मॉरिस चिठ्ठी लिहायचा, निकोल्सन तिच्यामागं सही करायचा. निकोल्सन लिहायचा, मॉरिस सही करायचा. लाखो डॉलरच्या अशा चिठ्ठ्या बाजारात फिरायला लागल्या. हे समजावून सांगायला फिलाडेल्फियाला जायची गरजच नाही, आपल्याकडच्या कुठल्याही पतसंस्थेत बसा, तू मला जामीन, मी तुला जामीन, दोघांचं कर्ज मंजूर, फाईलमध्ये दोन-दोन सह्या, कागद बिनचूक. दोघंही एकाच धंद्यात, एकाच साईटवर अडकलेले असतील तर त्या दुसऱ्या सहीला किंमत काय? एक बुडाला की दुसरा त्याच दिवशी बुडतो. आमच्या आत्तीचे पैसे एका पतसंस्थेत असेच अडकले, शिवणकामाचे साठवलेले, नाव घेत नाही कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. कर्जदारांची यादी बाहेर आली तेव्हा जामीनदारांच्या रकान्यात तीच ती दहा-बारा आडनावं फिरून फिरून येत होती. आत्ती म्हणायची, एवढ्या जणांच्या सह्या होत्या की. तिला कोण सांगणार की बारा सह्या असल्या तरी माणूस एकच होता.

१७९६ च्या शेवटाला अमेरिकेत मंदी आली, फेब्रुवारी १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडनं नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं, सगळीकडं पैसा आटला. मॉरिस-निकोल्सनच्या चिठ्ठ्या डॉलरमागं थोड्याशा सेंटला विकल्या जायला लागल्या. ज्या सहीवर सैन्य यॉर्कटाऊनला गेलं तीच सही. आणि या सगळ्यात तो चेस्टनट स्ट्रीटला संगमरवरी वाडा बांधत होता, त्याचा आराखडा केलेला लाँफाँनं, ज्यानं वॉशिंग्टन शहराचा नकाशा आखला त्यानंच. तो वाडा कधीच पूर्ण झाला नाही. लोकांनी त्याला नाव ठेवलं, मॉरिसचा खुळेपणा.

१७९७ भर तो शहराबाहेरच्या आपल्या मळ्यातल्या घरात दार लावून बसला. कायद्यानं घरात घुसता येत नव्हतं, म्हणून सावकारांची माणसं बाहेर अंगणात शेकोट्या पेटवून रात्र रात्र थांबायची, हा कधी बाहेर येतो आणि धरतो. फेब्रुवारी १७९८ मध्ये पकडला आणि प्रून स्ट्रीटच्या कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगात टाकला. त्याच वर्षी फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली, तुरुंगातही पोचली, तो त्यातून वाचला. नोव्हेंबरमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन तुरुंगात येऊन त्याच्याबरोबर जेवून गेला. निकोल्सन तुरुंगातच १८०० मध्ये मेला. जेम्स विल्सन म्हणून त्यांच्या वर्तुळातला एक, सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश होता हो, तोही जमिनीच्या नादात कर्जबाजारी होऊन १७९८ ला गेला. मॉरिस सुटला ऑगस्ट १८०१ मध्ये, १८०० च्या दिवाळखोरीच्या कायद्यामुळं. सिद्ध झालेलं कर्ज होतं जवळपास ३० लाख डॉलर. बायकोला एका मित्रानं खटपट करून डच जमीन कंपनीकडून वर्षाला १५०० डॉलर मिळायची सोय करून दिली होती, त्यावर दोघं एका लहान घरात राहिली, आणि ८ मे १८०६ ला तो वारला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, संघराज्याचे करार आणि संविधान या तिन्हींवर ज्या फक्त दोघांच्या सह्या आहेत त्यातला तो एक.

तो लबाड होता का? मला नाही वाटत. युद्धात त्यानं जे केलं ते खोटं नव्हतं. पण त्याला आयुष्यात कुणी अडवलंच नाही. १७८१ ला दोन्ही बाजूंनी बसायची परवानगी मिळाली, यश आलं, आणि मग त्याला वाटायला लागलं की अडवणारे सगळे घाबरट असतात. बँकेतला भागीदार, जमिनीतला भागीदार, सिनेटमधले मित्र, सगळे आपलेच. आपली माणसं नाही म्हणत नाहीत.

आपल्याकडचे नियम बघितले तर ते नेमके या नाही म्हणण्यासाठी केलेले दिसतात, फक्त ते बहुतेक वेळा कुणाचं तरी बुडल्यावर आलेत. २००१ ला अहमदाबादची माधवपुरा बँक शेअर बाजारातल्या दलालाला दिलेल्या कर्जात बुडाली, मग १ ऑक्टोबर २००३ पासून रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या फर्मना कर्ज द्यायला बंदी घातली, स्वतःच्या ठेवीवर किंवा विमा पॉलिसीवर घेतलेलं तेवढं चालतं. सप्टेंबर २०१९ ला मुंबईची पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक अडचणीत आली. तिथं तर चित्र मॉरिसच्या काळातलंच, एका बिल्डर समूहाला साडेसहा हजार कोटींच्या आसपास कर्ज, म्हणजे एकूण कर्जाच्या ७० टक्क्यांहून जास्त, आणि ते लपवायला २१ हजारांवर खोटी खाती असा तपासातला आरोप. बँकेचा चेअरमन आधी त्याच बिल्डरच्या कंपनीत संचालक राहिलेला. पहिल्या दिवशी खातेदाराला काढता येत होते फक्त १००० रुपये.

त्यानंतर कायदा बदलला, २०२० मध्ये सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढला. एका कर्जदाराला बँकेच्या मुख्य भांडवलाच्या १५ टक्के आणि एका गटाला २५ टक्के ही मर्यादा आली. जून २०२१ मध्ये आणखी एक नियम आला जो फार कमी लोकांना माहीत आहे, आमदार, खासदार किंवा महापालिकेचा सदस्य असलेला माणूस नागरी सहकारी बँकेचा एमडी, म्हणजे व्यवस्थापकीय संचालक होऊ शकत नाही. चेअरमन किंवा संचालक मात्र होऊ शकतो. म्हणजे रोजची सही करणारा आणि मतं मागणारा वेगळा पाहिजे हे मान्य झालंय, पण सही करणाऱ्याला रोज फोन कोण करतो हे नियमात येत नाही. बिल्डरच्या बाजूला रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आहे, महाराष्ट्रात मे २०१७ पासून, गिऱ्हाईकाकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, दुसऱ्या जमिनीला वळवायचे नाहीत. हा एक नियम मॉरिसला लागू असता तर चेस्टनट स्ट्रीटचा वाडा कदाचित पूर्ण झाला असता.

हे सगळं बँकांचं झालं. पतसंस्थांना यातलं बहुतेक लागू नाही, त्या राज्याच्या सहकार खात्याकडं येतात. ठेव विम्याचे ५ लाख, मुद्दल आणि व्याज धरून, हे बँकेतल्या ठेवीला आहेत, फेब्रुवारी २०२० पासून, आणि बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत ते द्यायची तरतूद २०२१ ला झाली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. बोर्डावर मोठ्या अक्षरात नाव असतं, काउंटर, टोकन, पासबुक सगळं बँकेसारखं, त्यामुळं लोकांना फरक कळत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच सांगा, अर्धा टक्का जास्त व्याजासाठी आयुष्याची सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवली असेल तर निदान विभागून ठेवा म्हणावं.

आणि सभासद असाल तर दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा असते, तिचा अहवाल घरी येतो, बहुतेक घरांत तो रद्दीत जातो. तो उघडा. पुढची फोटोंची पानं सोडा. मागं बारीक अक्षरात संचालक आणि नातेवाईकांकडील येणे कर्जाचा तक्ता असतो, त्यात थकबाकीचा रकाना बघा. एनपीएची, म्हणजे थकून अडकलेल्या कर्जांची टक्केवारी मागच्या वर्षीपेक्षा चढलीय का बघा. बांधकाम व्यवसायाला किती कर्ज आहे ते दिसत नसेल तर सभेत उभं राहून विचारा, सगळ्यात मोठ्या वीस कर्जदारांकडं एकूण कर्जाच्या किती टक्के आहे तेही विचारा. नावं देणार नाहीत, आकडा देऊ शकतात. सभेत "मंजूर, मंजूर" म्हणून आवाज चढतो आणि दहा मिनिटांत सगळे विषय उरकून जेवणाच्या रांगा लागतात, म्हणून प्रश्न आधी लेखी देऊन पोच घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६०, कलम ३२, सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि समिती सदस्यांची यादी कार्यालयात जाऊन फुकट बघायचा हक्क देतं. कार्यालयात गेलात आणि "अण्णांना विचारून सांगतो" असं उत्तर मिळालं तर अण्णांना विचारायची गरज नाही एवढं त्या क्लार्कला नम्रपणे सांगा आणि कलमाचा नंबर लिहून अर्ज पुढं सरकवा.